डीबगरची दुसरी भाषा: वाक्यांऐवजी रकाने

कोड लिहायच्या खिडकीत डाव्या कडेला, ओळीच्या क्रमांकाशेजारी क्लिक केलं की लाल ठिपका उमटतो. प्रोग्राम चालवला की तो नेमका त्या ओळीवर येऊन थांबतो आणि बाजूच्या चौकटीत व्हेरिएबल्सच्या किमती दिसू लागतात. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं एडिटरच करतो. खरं तर एडिटरला यातलं काहीही येत नाही. पडद्याआड डीबगर नावाचा एक वेगळाच प्रोग्राम काम करत असतो. एडिटर त्याला निरोप धाडतो आणि आलेलं उत्तर रंगवून आपल्यासमोर ठेवतो.

हल्ली यात आणखी एक भिडू आलाय. कोड लिहून देणारी एआयची साधनं आता प्रोग्राम स्वतः चालवून बघतात आणि तो कोसळला तर डीबगर उघडून कारणही शोधू लागतात. त्यामुळे एक जुना, जरासा रटाळ वाटणारा प्रश्न पुन्हा वर आला आहे. माणसाशी बोलण्यासाठी बनवलेला डीबगर दुसऱ्या प्रोग्रामशी बोलणार कसा? मी उदाहरण म्हणून जीडीबी हा डीबगर घेतोय, कारण हा प्रश्न त्याने फार लवकर सोडवायला घेतला आणि त्यात झालेल्या चुका सगळ्यांना दिसतील अशा उघड्यावर ठेवल्या.

एक खुलासा आधीच करतो. खऱ्या आज्ञा रोमन लिपीत असतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. विरामचिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत, कारण सगळी गंमत त्या चिन्हांतच आहे.

डीबगर, ब्रेकपॉइंट आणि दुभाष्या

डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला आपल्या मुठीत धरून चालवणारा प्रोग्राम. तो त्याला हवं तिथे थांबवतो, एकेक पाऊल पुढे नेतो, पोटात डोकावून कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते सांगतो. ज्या ठिकाणी थांबायचं त्या खुणेला ब्रेकपॉइंट म्हणतात. जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिला. तेव्हा त्याच्यासमोर बसणारा माणूसच असायचा: टर्मिनलवर आज्ञा टाइप करायची, उत्तर वाचायचं, पुढची आज्ञा द्यायची.

डीबगरच्या आत आज्ञा वाचणारा आणि उत्तर मांडणारा जो भाग असतो त्याला जीडीबीच्या परिभाषेत इंटरप्रिटर म्हणतात. पायथॉनसारख्या भाषा चालवणारा इंटरप्रिटर तो वेगळा. नावाच्या साम्यामुळे गोंधळ होतो. इथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यावा: दुभाष्या. डीबगरचं मन एकच, पण बोलायला दुभाषे अनेक. ‘कन्सोल’ नावाचा दुभाष्या माणसांशी बोलतो. ‘एमआय’, म्हणजे मशीन इंटरफेस, हा यंत्रांशी बोलतो. जीडीबी सुरू करतानाच कोणता दुभाष्या हवा ते सांगता येतं.

वाक्य वाचणारा प्रोग्राम का फसतो?

दुसरा दुभाष्या हवाच कशाला, ही पहिली शंका. डीबगर जे छापतो तेच एडिटरने वाचावं की! सुरुवातीला अनेकांनी तेच केलं. डीडीडी नावाचा एक गाजलेला चित्ररूप फ्रंट-एंड होता (फ्रंट-एंड म्हणजे डीबगरच्या पुढे उभा राहून माणसाला तोंड देणारा प्रोग्राम). तो जीडीबीने माणसांसाठी छापलेला मजकूर वाचूनच काम करायचा.

ब्रेकपॉइंट लावला की कन्सोलवर साधारण असं उमटतं:

ब्रेकपॉइंट १ ॲट ०एक्स४०११३६: फाइल टेस्ट.सी, लाइन ५.

माणसाला हे लगेच कळतं. यंत्राला यातून फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा वेचून काढायचा असतो. बरीच वर्षं झाली, रात्रभर चालणाऱ्या चाचण्यांसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती, ती नेमकं हेच करायची: ‘लाइन’ हा शब्द शोधायचा आणि त्याच्यापुढचा आकडा उचलायचा. महिनाभर उत्तम चाललं. मग कुणीतरी ‘लाइन २.सी’ अशा नावाची फाइल आणली. स्क्रिप्टने कुठलीही कुरकूर न करता प्रत्येक ब्रेकपॉइंट दुसऱ्या ओळीवर असल्याचं नोंदवलं. सरळ बंद पडली असती तर बरं झालं असतं. ती चालत राहिली आणि खोटं सांगत राहिली.

अशा खाचा पुष्कळ आहेत. जीडीबीचे संदेश वेगवेगळ्या भाषांत अनुवादित होऊ शकतात; संगणकाची भाषा बदलली की ‘लाइन’ हा शब्दच गायब. मजकूर पानाबाहेर गेला की कन्सोल थांबतो आणि पुढे जायला एंटर दाबा म्हणतो. काही पुसायचं असेल तर ‘खात्री आहे का?’ विचारतो. एखाद्या नव्या आवृत्तीत कुणी वाक्य थोडं सुधारतो, एक स्वल्पविराम हलवतो. माणसाला फरक पडत नाही, फ्रंट-एंड आडवा होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तपासला जाणारा प्रोग्रामही त्याच टर्मिनलवर स्वतःचं काहीबाही छापत असतो. त्याने उद्या हुबेहूब डीबगरच्या थाटाची ओळ छापली, तर कोण बोललं हे ठरवायचं कसं?

मधला एक उपाय निघाला होता, ॲनोटेशन. माणसांसाठीच्याच मजकुरात सहसा न दिसणाऱ्या अक्षरांच्या खुणा पेरायच्या: इथून प्रॉम्प्ट (‘पुढची आज्ञा द्या’ अशी डीबगरची खूण) सुरू, इथे चूक झाली, इथे प्रोग्राम थांबला. ईमॅक्स हा एडिटर बराच काळ त्यावर चालला. पण पत्राच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्या म्हणून पत्राचा फॉर्म होत नाही.

फॉर्मची भाषा

पत्र आणि फॉर्म यांतला फरक आपल्याला पक्का ठाऊक असतो. पत्रात जन्मतारीख कुठेही, कशीही लिहिलेली असू शकते. फॉर्मवर तिचा रकाना ठरलेला. एमआय ही रकान्यांची भाषा आहे. २००० सालाच्या आसपास ती जीडीबीत आकाराला आली. तिच्यात तीच ब्रेकपॉइंटची आज्ञा अशी जाते:

२०५-ब्रेक-इन्सर्ट मेन

आणि उत्तर येतं, थोडं छाटून देतो:

२०५^डन,बीकेपीटी={नंबर="१",टाइप="ब्रेकपॉइंट",फाइल="टेस्ट.सी",लाइन="५"}

सुरुवातीचा २०५ हा आकडा फ्रंट-एंडने स्वतःच्या मनाने दिलेला असतो. डीबगर त्याचा अर्थ लावत नाही, उत्तरावर तोच आकडा डकवून परत करतो. बँकेच्या खिडकीवर टोकन घेऊन बसल्यासारखं आहे हे: नंबर पुकारला की कोणत्या कामाचं उत्तर आलं ते कळतं.

मग येणारं चिन्ह खरं महत्त्वाचं. ओळीचं हे चिन्ह पाहूनच ती कुठल्या जातीची ते ठरतं. ‘^’ म्हणजे तुमच्या आज्ञेचा निकाल: झालं, चूक झाली, चालू झालं, वगैरे. ‘*’ म्हणजे प्रोग्रामची स्थिती पालटली, तो चालू लागला किंवा थांबला. ‘=’ म्हणजे इतर काही बदललं त्याची वर्दी. ‘~’ म्हणजे माणसाला दाखवायचा कन्सोलचा मजकूर, ‘&’ म्हणजे डीबगरची स्वतःची बडबड, ‘@’ म्हणजे तपासल्या जाणाऱ्या यंत्रणेकडून आलेला मजकूर. पुढच्या भागात महिरपी कंसात नाव-किंमत अशा जोड्या आणि चौकोनी कंसात याद्या. किमती कायम अवतरणचिन्हांत, आणि किमतीतच अवतरणचिन्ह आलं तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ.

या शेवटच्या नियमाकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते सगळी इमारत त्यावर उभी आहे. ‘लाइन २.सी’ ही फाइल आता अवतरणचिन्हांच्या कुंपणात आहे. तिथून तिला ओळीचा आकडा असल्याचं सोंग आणता येत नाही.

आत काय बांधावं लागतं?

असा दुभाष्या लिहायला बसलात तर पहिला अर्धा भाग सोपा वाटेल. ओळ वाचा. सुरुवातीचे आकडे असतील तर ते टोकन म्हणून बाजूला ठेवा. पुढे आडवी रेघ आहे का पाहा; तिच्यापुढचं नाव तक्त्यात शोधा. तक्त्यात प्रत्येक नावासमोर कोणतं फंक्शन चालवायचं ते लिहिलेलं असतं. उरलेल्या ओळीतून पर्याय वेगळे काढा, फंक्शन चालवा. नाव सापडलं नाही तर ‘^एरर’ या खुणेने चूक कळवा. अनोळखी आज्ञेसाठी जीडीबी चुकीच्या वाक्यासोबत ‘अनडिफाइंड-कमांड’ असा ठरलेला संकेतही जोडतो, म्हणजे वाक्य वाचायचं कामच नको. नवशिक्याला हे एका शनिवार-रविवारात जमेल.

अडचण उत्तराच्या बाजूला आहे. डीबगरमधल्या शेकडो आज्ञा वर्षानुवर्षं थेट पडद्यावर छापत आलेल्या असतात. ब्रेकपॉइंटचं फंक्शन स्वतःच ‘ब्रेकपॉइंट अमुक, फाइल तमुक’ असं वाक्य रचून मोकळं होतं. आता यंत्रासाठी काय करायचं? प्रत्येक आज्ञेची दुसरी प्रत लिहायची? मग दोन प्रती लवकरच वेगळ्या वाटेला लागतात. एकीतली चूक सुधारली जाते, दुसरीतली तशीच राहते.

जीडीबीने काढलेला मार्ग मला आजही देखणा वाटतो. आज्ञेच्या फंक्शनने छापायचंच नाही. त्याने मधल्या एका लेखनिकाला सांगायचं: ‘फाइल’ नावाच्या रकान्यात ही किंमत, ‘लाइन’ नावाच्या रकान्यात हा आकडा, आता यादी सुरू, आता यादी संपली. या लेखनिकाचं जीडीबीतलं नाव यूआय-आउट. कन्सोलचा लेखनिक ते ऐकून वाक्य किंवा सुबक तक्ता बनवतो. एमआयचा लेखनिक त्याच सूचनांतून नाव-किंमत जोड्या बनवतो. सांगणारा एक, लिहिणारे दोन.

यातला एक बारकावा ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. वाक्यातले जोडशब्द, म्हणजे ‘ॲट’, स्वल्पविराम, पूर्णविराम, हेसुद्धा फंक्शन लेखनिकाला सांगत असतं, ‘मजकूर’ या सदराखाली. कन्सोलचा लेखनिक ते छापतो. एमआयच्या लेखनिकात हे सदर हाताळणारं फंक्शन चक्क रिकामं आहे. ऐकतो आणि सोडून देतो. दोन भाषांमधला सगळा फरक त्या रिकाम्या फंक्शनमध्ये सामावलेला आहे.

अर्थात प्रत्यक्षात हे इतकं स्वच्छ राहत नाही. जीडीबीच्या कोडमध्ये जागोजागी लेखनिकाला विचारलेलं सापडतं: ‘तू एमआयच्या जातीचा आहेस का?’ हो म्हणाला तर एक रकाना जास्त, नाही म्हणाला तर वेगळा क्रम. असा प्रत्येक प्रश्न म्हणजे भिंतीला गेलेला एक तडा. तरीही भिंत नसण्यापेक्षा तडे गेलेली भिंत बरी, असं माझं मत.

बांधणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावं. उत्तर तुकड्यातुकड्याने बाहेर सोडू नये. आधी बाजूला जमवावं, पूर्ण झालं की एकदम सोडावं. नाहीतर यादीतला चौथा घटक लिहिताना मेमरी वाचता आली नाही, की अर्धवट उघडा कंस फ्रंट-एंडच्या गळ्यात पडतो आणि तो बिचारा बंद होणाऱ्या कंसाची वाट पाहत बसतो.

न विचारता आलेली उत्तरं

इथपर्यंतचं चित्र प्रश्नोत्तरांचं आहे: एक विचारलं, एक उत्तर आलं. असा दुभाष्या लिहिणाऱ्यांची आणि तो वापरणाऱ्यांची खरी दमछाक होते ती हे चित्र खोटं असल्यामुळे.

‘प्रोग्राम चालव’ या आज्ञेचं उत्तर काय असावं? ‘थांबला, पाचव्या ओळीवर’ असं वाटेल. पण तो कधी थांबेल हे कुणालाच माहीत नाही. एका क्षणात थांबेल, दोन तासांनी थांबेल, कदाचित थांबणारच नाही. उत्तरासाठी खोळंबून राहिलं तर तोवर एडिटर गोठलेला. म्हणून एमआयमध्ये याचे दोन भाग पडतात. आधी लगेच:

३०^रनिंग

म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं, काम सुरू झालं. आणि मग जेव्हा केव्हा थांबेल तेव्हा:

*स्टॉप्ड,रीझन="ब्रेकपॉइंट-हिट",बीकेपीटीएनओ="१",थ्रेड-आयडी="१",...

या दुसऱ्या ओळीवर टोकन नाही हे बघा. ती कुणाच्या प्रश्नाचं उत्तर नाहीच. चौकशी खिडकीवर विचारलेला प्रश्न आणि फलाटावर होणारी उद्घोषणा यांत जो फरक, तो इथे आहे. फ्रंट-एंडला दोन्हीकडे कान द्यावे लागतात. ‘प्रश्न विचार, उत्तर येईपर्यंत थांब’ या पद्धतीने लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्याच उद्घोषणेला अडखळते: तिला हवं असतं ‘^’, येतं ‘*’, आणि ती त्यालाच उत्तर समजून बसते.

थांबण्याची कारणंही ठरलेल्या शब्दांत येतात: ब्रेकपॉइंट लागला, एक पाऊल पूर्ण झालं, व्हेरिएबल बदललं, सिग्नल आला, प्रोग्राम नीट संपला. त्यामुळे लाल पट्टी दाखवायची की हिरवी, हे ठरवायला एडिटरला वाक्य वाचावं लागत नाही.

मग ‘=’ च्या वर्द्या. नवा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) जन्माला आला, नवी लायब्ररी (इतर प्रोग्रामना जोडता येणारा तयार कोड) चढली, ब्रेकपॉइंट बदलला. शेवटच्याचं महत्त्व सहज लक्षात येत नाही. अनेक एडिटर आपल्याला जीडीबीचा कन्सोलही उघडून देतात. तिथे तुम्ही हाताने ब्रेकपॉइंट लावलात, तर एडिटरच्या कडेला लाल ठिपका उमटायला हवा की नको? एडिटरने तर काहीच केलेलं नाही. डीबगरने स्वतःहून सांगितलं तरच त्याला कळणार. म्हणजे दुभाष्या लिहिणाऱ्याने फक्त आज्ञांची उत्तरं बांधून भागत नाही. डीबगरच्या मनात जिथे जिथे काही बदलतं तिथे तिथे कान लावून बसावं लागतं. जीडीबीमध्ये अशा घटनांची वर्दी देणारी अंतर्गत यंत्रणा आहे आणि एमआयचा दुभाष्या तिच्यावर नाव नोंदवून ठेवतो.

आणि तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रामची बडबड? तिच्यासाठी ‘@’ हे चिन्ह राखलेलं आहे खरं, पण प्रोग्राम जीडीबीच्याच टर्मिनलवर छापत असेल तर त्याचा मजकूर कच्चाच्या कच्चा या शिस्तशीर ओळींमध्ये घुसतो. म्हणून शहाणे फ्रंट-एंड त्याला वेगळं टर्मिनल देतात. एमआयमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे.

झाडाची सगळी पानं एकदम मागू नयेत

एडिटरच्या चौकटीत एखादी मोठी रचना बंद घडीसारखी दिसते, शेजारी त्रिकोण असतो, त्यावर क्लिक केलं की ती उलगडते. यामागेही सोय आहे. जीडीबी एखाद्या व्हेरिएबलला टोपणनाव देऊन ठेवतो, त्याला मुलं किती तेवढं सांगतो आणि मागितली तरच मुलांची नावं देतो. प्रोग्राम एक पाऊल पुढे गेला की फ्रंट-एंड एवढंच विचारतो: ‘माझ्याकडच्या नावांपैकी काय बदललं?’ उत्तरात फक्त बदललेल्यांची यादी. किंमत बदलली की ती लाल रंगात चमकते ना, ते इथून येतं.

‘मग हे जेसनमध्ये का नाही?’

हल्लीचा प्रोग्रामर हे कंस पाहून पहिला हाच प्रश्न विचारतो. जेसन म्हणजे आज जवळपास सगळीकडे चालणारी नाव-किंमत जोड्या लिहिण्याची पद्धत. उत्तर साधं आहे: एमआय ठरत होतं तेव्हा जेसन प्रचारात नव्हतं. जेसनचं पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या जगातला मानकांचा दस्तऐवज, २००६ सालचं. त्यामुळे एमआय वाचायला प्रत्येकाला स्वतःचा वाचक लिहावा लागला, आणि हा त्याचा खरा तोटा आहे. तयार लायब्ररी नंतर आल्या.

पुढे मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड या एडिटरसाठी डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल आणला, संक्षेपाने डीएपी. त्यात निरोप जेसनमध्ये असतात आणि प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी लिहिलेली असते. पण जेसन हा त्यातला किरकोळ भाग. खरा बदल दृष्टीत आहे. एमआय जीडीबीच्या बाजूने विचार करतं: माझ्याकडे काय काय आहे, ते घ्या. डीएपी एडिटरच्या बाजूने विचार करतो: मला ठिपका दाखवायचाय, चौकट भरायची आहे, एवढं द्या. दहा एडिटर आणि दहा डीबगर असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायला शंभर जोडण्या लागतात; मध्ये एक सामायिक भाषा ठेवली की वीस पुरतात. जीडीबीने १४ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, डीएपीचा दुभाष्या आत घेतला आणि तो पायथॉनमध्ये लिहिलेला आहे. एमआय मात्र संपलं नाही. व्हीएस कोडमध्ये सी++ साठी मायक्रोसॉफ्टचं जे जोडसाधन आहे ते पुढे डीएपी बोलतं आणि मागे जीडीबीशी एमआय. म्हणजे दुभाष्याला दुभाष्या.

‘लायब्ररीच का देत नाही?’

हाही रास्त सवाल. निरोप पाठवायचे, वाचायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला. डीबगरच एक लायब्ररी म्हणून एडिटरमध्ये जोडावा. एलएलव्हीएम प्रकल्पातला एलएलडीबी हा डीबगर मुळात याच विचाराने बांधला आहे. त्याला सी++ आणि पायथॉनमधून थेट वापरता येतं. वेग आणि नेमकेपणा यांत ही वाट सरस आहे, हे मान्य करायला हवं.

पण डीबगर हा बिघडलेल्या प्रोग्रामांशी आणि कधी कधी बिघडलेल्या माहितीशी झुंजणारा प्रोग्राम आहे; तो स्वतः कोसळू शकतो. एडिटरच्या पोटात असेल तर न जतन केलेल्या कामासकट एडिटरला घेऊन पडेल. वेगळा राहिला तर एडिटर त्याला पुन्हा उभा करतो. शिवाय ओळींचीच देवाणघेवाण असेल तर मधला धागा कितीही लांब असू शकतो: एडिटर तुमच्या टेबलावर, डीबगर दूरच्या सर्व्हरवर. एलएलडीबीलाही शेवटी डीएपी बोलणारा स्वतंत्र प्रोग्राम सोबत ठेवावा लागलाच.

शब्द दिला की पाळावा लागतो

माणसांसाठीचं वाक्य कधीही बदला, कुणी विचारत नाही. यंत्रासाठीचा रकाना हा करार असतो. जीडीबीला याचा चटका चांगलाच बसला आहे.

मूळ कोडमधली एक ओळ प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये अनेक ठिकाणी उतरू शकते. सी++ च्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे एकाच साच्यातून अनेक फंक्शनं काढण्याच्या सोयीत, हे नेहमी होतं. अशा ओळीवर ब्रेकपॉइंट लावला की तो एक असूनही त्याची ठिकाणं अनेक. ती ठिकाणं उत्तरात लिहिताना एमआयने ब्रेकपॉइंटचा कंस बंद केला आणि उरलेले कंस त्याच्या मागे तसेच, बिननावाचे, रांगेत ठेवून दिले. एमआयच्या स्वतःच्याच व्याकरणात हे बसत नव्हतं. नियमाबरहुकूम लिहिलेला वाचक तिथे अडायचा. चुकीची सवय झालेले फ्रंट-एंड तेवढे तरून जायचे. मग ही चूक सुधारायला काय हरकत? हरकत हीच, की सुधारली तर ते तरलेले फ्रंट-एंड बुडणार.

शेवटी नवी आवृत्ती काढली. जीडीबीच्या ९.१ सोबत एमआय ३ आलं आणि त्यात ठिकाणांना ‘लोकेशन्स’ नावाची रीतसर यादी मिळाली. जुनी भाषाच मागणाऱ्यांना जुनीच चूक जशीच्या तशी मिळत राहिली. ज्यांना जुन्या आवृत्तीत राहून एवढीच दुरुस्ती हवी होती त्यांच्यासाठी खास आज्ञा काढली, जिच्या नावाचा अर्थच ‘अनेक-ठिकाणी-ब्रेकपॉइंटचं-उत्तर-दुरुस्त-कर’ असा आहे. ब्रेकपॉइंटला जोडलेल्या आज्ञांच्या रकान्यातही अशीच एक चूक होती. तिच्यासाठी १३.१ सोबत एमआय ४ आलं. एका चुकीच्या कंसासाठी अख्खी आवृत्ती खर्ची पडते, हे दुभाष्या बांधणाऱ्याने पहिल्याच दिवशी मनाशी धरावं.

करार दोन्हीकडून असतो. जीडीबीच्या कागदपत्रांत फ्रंट-एंडना आधीच बजावलेलं आहे: नवे रकाने येऊ शकतात, नव्या वर्द्या येऊ शकतात, ठरलेल्या किमतींच्या यादीत भर पडू शकते. अनोळखी रकाना दिसला तर गडबडू नका, ओलांडून जा. आणि एखादी सोय आहे का हे आवृत्तीच्या आकड्यावरून ताडू नका. ‘तुला काय काय येतं?’ असं सरळ विचारायची आज्ञा आहे, ती वापरा.

‘एआयला तर वाक्य कळतात, मग आता याची गरज काय?’

हा आक्षेप ताजा आहे आणि वरवर बिनतोड वाटतो. भाषेची मॉडेलं कन्सोलचं वाक्य वाचतात, ‘लाइन २.सी’ ला सहसा फसणारही नाहीत. पण मॉडेल आणि डीबगर यांच्यामध्ये एक साधा प्रोग्राम असतो, जो आज्ञा पुढे करतो आणि उत्तर गोळा करून आणतो. उत्तर संपलं कुठे, हे त्याला कळायला हवं. प्रोग्राम अजून चालतोय की थांबलाय, हे कळायला हवं. कन्सोलवर हे सगळं प्रॉम्प्ट पुन्हा दिसला की नाही यावरून ताडावं लागतं, आणि तपासला जाणारा प्रोग्राम प्रॉम्प्टसारखं काही छापणारच नाही याची हमी कोण देणार?

त्याहून गंभीर गोष्ट अशी की तपासला जाणारा प्रोग्राम बाहेरून आलेलं काहीही स्वतःच्या मेमरीत बाळगत असतो. त्यातल्या एखाद्या मजकुरात कुणी मॉडेलला उद्देशून सूचना लिहून ठेवली असेल, तर कन्सोलच्या सपाट मजकुरात ती डीबगरच्या बोलण्यात मिसळून जाते. रकान्यांच्या भाषेत ती ‘व्हॅल्यू’ या रकान्यात, अवतरणचिन्हांच्या आत येते. मॉडेल तरीही तिला भुलू शकतं. पण निदान मधल्या प्रोग्रामला हा परक्याचा मजकूर आहे हे ठामपणे सांगता येतं.

जाता जाता, अशा कुणाच्याही हाती हा धागा देताना एक लक्षात असू द्या. एमआयमधून कन्सोलची कुठलीही आज्ञा चालवता येते आणि कन्सोलमधून शेल, म्हणजे संगणकाला थेट आज्ञा द्यायची जागा, उघडता येतं. हा धागा नेटवर्कवर उघडा ठेवणं म्हणजे संगणकाची किल्ली दारालाच लावून ठेवणं.

स्वतः बघायचं असेल तर

जीडीबीच्या ७.१२ या, २०१६ मधल्या आवृत्तीपासून एकाच वेळी दोन दुभाषे उभे करता येतात. दोन टर्मिनल उघडा. दुसऱ्यात ‘टीटीवाय’ ही आज्ञा देऊन त्या टर्मिनलचं नाव विचारून घ्या आणि तिथलं शेल काही काळ झोपवून ठेवा, म्हणजे ते मध्ये लुडबुडणार नाही. पहिल्यात नेहमीसारखा जीडीबी सुरू करा आणि त्यात ‘न्यू-यूआय एमआय’ असं लिहून पुढे दुसऱ्या टर्मिनलचं नाव द्या. आता पहिल्या खिडकीत माणसासारखं ‘ब्रेक मेन’ टाइप करा. तिथे ओळखीचं वाक्य उमटेल. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत, जिथे तुम्ही काहीच विचारलेलं नाही, एक ओळ येऊन पडेल:

=ब्रेकपॉइंट-क्रिएटेड,बीकेपीटी={नंबर="१",टाइप="ब्रेकपॉइंट",...